एअरलूम टोमॅटो आणि गावठी वेल: घरच्या बागेसाठी कोणतं बियाणं घ्यावं, कोणतं टाळावं

आधी निकाल, मग कारणं. 'एअरलूम' म्हणून विकल्या जाणाऱ्या परदेशी जुन्या टोमॅटो वाणांपैकी आपल्या हवेत भरवशाने फळ देतात ते लहान आणि मध्यम फळांचे वाण. अर्ध्या किलोचं गुलाबी फळ छापलेली पाकिटं बहुतेकांनी पहिल्या वर्षी घेऊ नयेत. वेलांच्या बाबतीत तर परदेशी पाकिटाची गरजच नाही. दोडका, पडवळ, वाल, चवळी यांचे खरे पिढीजात वाण आठवडी बाजारात, गावोगावच्या बियाणं बँकांत आणि कुणाच्या तरी परसात इथेच आहेत. त्यामुळे टोमॅटोवर थोडा खर्च करा आणि वेलांवर थोडी शोधाशोध.

पाकीट उलटून वाचा

एअरलूम म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बी धरून जपलेला सरळ वाण. त्याच्या फळातलं बी लावलं की तसंच झाड येतं. संकरित बियाण्याचं तसं नसतं. म्हणून एकाच पाकिटावर 'एअरलूम' आणि 'एफ-1' (म्हणजे संकरित, पहिल्या पिढीचं बी) हे दोन्ही शब्द दिसले तर ते पाकीट खाली ठेवावं. विकणाऱ्याला आपण काय विकतोय हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्याला फरक पडत नाही.

दुसरी खूण लेबलची. रीतसर बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर, उगवणशक्तीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि वैधता छापलेली असते. टोमॅटोसाठी किमान उगवणशक्ती 70 टक्के धरलेली आहे. घरगुती बागेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी पाकिटांवर यातलं काहीच नसतं. चकचकीत फोटो आणि 'ऑरगॅनिक' एवढंच असतं. असं पाकीट घेतलंच असेल तर आधी दहा बिया ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून, डब्यात घालून, 25 ते 30 अंशांत ठेवाव्यात. आठ दिवसांत सातपेक्षा कमी उगवल्या तर दुप्पट बी पेरा किंवा पाकीट परत करा. आणि बी गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं दिसलं तर त्यावर बुरशीनाशक चोळलेलं आहे. ते पेरायला काही हरकत नाही, पण 'ऑरगॅनिक' हा दावा तिथेच संपला.

निळा टोमॅटो, इंद्रधनुषी टोमॅटो असल्या फोटोंबद्दल एवढंच: जांभळट-काळ्या सालीचा 'इंडिगो रोझ' खरोखर आहे, पण तो अमेरिकेतल्या ओरेगन राज्य विद्यापीठाने 2012 मध्ये आणलेला वाण आहे. 'ग्रीन झेब्रा' 1983 चा. दोन्ही सरळ वाण आहेत, लावायला मजेचे आहेत, फक्त पणजीच्या काळापासून आलेले वगैरे नाहीत. आकाशी निळा टोमॅटो मात्र फक्त फोटोतच पिकतो.

'किती दिवसांत फळ' हा आकडा बहुतेक परदेशी पाकिटांवर रोप लावल्यापासूनचा असतो, बी पेरल्यापासूनचा नव्हे. त्यात रोपवाटिकेचे 30 दिवस मिळवायचे. हा हिशेब चुकला की सगळा हंगाम चुकतो.

हवेचं गणित

टोमॅटोला फळ धरायला रात्र थंड लागते, पण फार थंडही नको. रात्रीचा पारा साधारण 15 ते 20 अंशांत असला की परागकण चांगले बनतात. रात्र 22 च्या वर आणि दिवस 34-35 च्या वर गेला की परागकण निकामी होतात आणि फूल देठाशी पिवळं पडून गळतं. उलट निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत रात्र 10 च्या खाली जाते, तेव्हाही फूल गळतं. लोक याला खताची कमी समजून युरिया टाकतात. मग झाड आणखी माजतं आणि फूल आणखी गळतं.

पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पेरावं, म्हणजे फुलं ऑक्टोबरअखेर आणि नोव्हेंबरमध्ये येतात. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे पाऊस थांबू द्यावा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरलं की डिसेंबर-जानेवारीच्या त्यातल्या त्यात थंड रात्री फुलांना मिळतात. नोव्हेंबरात उत्साहाने पेरलेलं मोठ्या फळाचं झाड मार्चच्या उन्हात फुलतं आणि तिथेच हरतं. शिवाय 30-32 अंशांच्या वर फळात लाल रंगद्रव्य नीट बनत नाही. एप्रिलचे टोमॅटो पिवळट-नारिंगी राहतात ते त्यामुळे. त्यात वाणाचा दोष नसतो.

वाण एकेक

ब्रँडीवाइन: सगळ्यात जास्त विकलं जाणारं आणि सगळ्यात जास्त निराश करणारं पाकीट. पान बटाट्यासारखं अखंड कडांचं, फळ गुलाबी, चपटं, 400 ग्रॅमच्या पुढे जाणारं. चव उत्तम, यात वाद नाही. पण रोप लावल्यापासून 80 ते 100 दिवस लागतात, फळधारणा मुळात कमी, आणि आपल्याकडे त्याला हवा तसा लांब, मऊ उन्हाळा मिळत नाही. पठारावर, वेळेत पेरून, झाडाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फळं चालणार असतील तरच घ्यावा.

चेरोकी पर्पल: मोठ्या फळांत पहिली पसंती याला. 1990 मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीतून एका पाकिटात आलेलं बी जुने टोमॅटो वाण जपणारे क्रेग लेहूलियर यांनी लावलं आणि हे नाव दिलं. फळ 250 ते 350 ग्रॅम, मातकट जांभळं, देठाजवळ हिरवट. ते पूर्ण लाल होण्याची वाट पाहू नका, होतच नाही. बूड किंचित मऊ लागलं की तोडायचं. इथेच बरेच जण फळ झाडावर सडवतात.

ब्लॅक क्रिम: चवीला खारट-गोड, उष्णता त्यातल्या त्यात सोसतो, पण देठाभोवती गोल भेगा पडतात. दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी दिलं की भेग ठरलेली. ठिबक किंवा रोजचं नेमकं पाणी जमत नसेल तर सोडून द्या.

सॅन मार्झानो: लांबट, गराचा, सॉस आणि सारासाठी. खरा सॅन मार्झानो उंच वाढणारा आहे. पाकिटावर 'बुटकी, कुंडीस योग्य' लिहिलं असेल तर आत बहुधा रोमा आहे. रोमा वाईट नाही, फक्त त्याचा भाव वेगळा. या लांबट फळांचा बुडाकडचा भाग काळा पडून चामड्यासारखा होतो. तो रोग नसतो. अनियमित पाण्यामुळे कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पानांवर कॅल्शियम फवारून फारसं साधत नाही, पाणी सरळ करावं लागतं.

यलो पेअर आणि ब्लॅक चेरी: दुसरा काटेकोर अर्थाने जुना वाण नव्हे. कुंडीसाठी मात्र दोन्ही सगळ्यात सोपे. फळ लहान म्हणून लवकर धरतं, लवकर पिकतं, थोड्या गरम रात्रीही चालवून घेतं. यलो पेअर घोसांनी लगडतो, दिसायला देखणा, चवीला मात्र पाणचट. ब्लॅक चेरी कमी लगडतो आणि चवीत त्याला मागे टाकतो. जागा एकाच झाडाची असेल तर ब्लॅक चेरी.

आता ज्यांच्या पाकिटावर एअरलूम लिहिलेलं नसतं, पण घरच्या बागेत जे जास्त कामाचे आहेत ते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा रुबी, बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या उद्यानविद्या संस्थेचा अर्का विकास, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे सगळे सरळ वाण. बी धरता येतं, किंमत परदेशी पाकिटाच्या मानाने किरकोळ. पुसा रुबी लवकर येतो, फळ चपटं, शिरांचं, आंबटसर. आमटी-रस्स्याला हाच हवा. भाग्यश्रीत बिया कमी आणि गर गडद लाल, म्हणून केचप-प्युरीला. अर्का विकासची फळं 80-90 ग्रॅमची, आणि झाड फार उंच जात नसल्याने गॅलरीत सोयीचं. एकच सावधानता: अर्का रक्षक हाही हेसरघट्ट्याचाच, उत्तम रोगप्रतिकारक, पण तो संकरित आहे. त्याचं बी धरू नका.

बाजारातल्या टोमॅटोला चव का नसते, याचं एक कारण इथे सांगण्यासारखं आहे. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतहून क्रेटमध्ये दूरवर जाणारं फळ टणक आणि एकसारखं रंगणारं असावं लागतं. हिरव्या खांद्याशिवाय एकसारखं पिकणारी फळं निवडता निवडता फळातली साखर कमी करणारा जनुकबदलही निवडला गेला, हे 2012 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. म्हणून देठाजवळ हिरवे-पिवळे खांदे असलेला घरचा टोमॅटो बघून नाक मुरडू नका.

जुन्या वाणांची खरी अडचण विषाणू. पांढऱ्या माशीमुळे येणारा बोकड्या (पानं वर वळून झाड खुजं राहणं) आणि फुलकिड्यांमुळे येणारा टोस्पो (पानांवर तांबूस छटा, फळावर गोल चट्टे) यांना या वाणांत प्रतिकार जवळपास नसतो. रोपं पहिला महिना 40 किंवा 50 मेशच्या कीटकरोधक जाळीत ठेवणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. पिवळे आणि निळे चिकट सापळे लावा, संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला 5 मिली, चमचाभर साबणपाण्यासह. रोप एकदा वाकडंतिकडं झालं की औषध नाही. उपटून पिशवीत बांधून टाकायचं. हळहळत ठेवलेलं एक झाड बाकीची चार घेऊन जातं. पानात पांढरे पापुद्रे आणि फळाला देठाशी बारीक छिद्र दिसलं तर ती टूटा नावाची पोखरणारी अळी. 2014 पासून ती महाराष्ट्रात आहे. पोखरलेली पानं रोज खुडून नष्ट करणं गच्चीवर पुरतं.

कुंडी, माती, आधार

उंच वाढणाऱ्या वाणाला 15 बाय 15 इंचांची ग्रो बॅग, म्हणजे सुमारे 40 लिटर माती. 12 इंची पिशवीत निम्मीच बसते आणि फेब्रुवारीत ती दुपारपर्यंत सुकते. वर सांगितलेल्या भेगा आणि काळी बुडं बहुतेक अशाच पिशव्यांत. मिश्रण: चार भाग माती, तीन भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत, वर प्रत्येक पिशवीला मूठभर निंबोळी पेंड आणि चमचाभर ट्रायकोडर्मा (मातीतल्या रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी). कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून 60-70 लिटर होते. ती दोनदा धुऊन पाणी टाकून द्या, नाहीतर त्यातल्या क्षारांनी रोपाच्या पानांच्या कडा जळतात. ओली पिशवी चांगलीच जड होते, म्हणून ती गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत ठेवावी.

खत म्हणून पहिला महिना 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला 2 ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा. फुलं दिसली की नत्र कमी करून पालाश वाढवा. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं तर वेगळ्या दिवशी, स्फुरदाच्या खतात मिसळू नका; साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

ऑनलाइन मिळणारे तीन फुटी तारेचे पिंजरे अर्का विकासला ठीक, ब्रँडीवाइन किंवा चेरोकीला निरुपयोगी. ही झाडं सहा-सात फूट जातात. वरून तार ओढून दोर खाली सोडावा, एक किंवा दोन फांद्या ठेवून बगलफूट (पान आणि खोडाच्या बेचक्यात येणारा फुटवा) दर आठवड्याला हाताने खुडावी. ताग सुतळी तीन महिन्यांत कुजते आणि ऐन फळात तुटते. जाड प्लास्टिक सुतळी घ्या. फुलोऱ्यात सकाळी दहाच्या सुमारास दोराला टिचकी मारावी. टोमॅटोचं फूल कंपनानेच पराग सोडतं. काळा भुंगा ते काम करतो, मधमाशी करत नाही, आणि आठव्या मजल्यावर भुंगे सहसा येत नाहीत.

वेल

इथे खरी श्रीमंती आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी ग्रामविकासाचं काम करणाऱ्या बाएफ संस्थेच्या साथीने गावठी बियाण्यांची बँक उभी केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाल आणि घेवड्याचे किती तऱ्हेचे रंग आणि आकार आपल्याकडे आहेत, हे अशा बँकेतल्या बरण्या पाहिल्यावर कळतं. बियाणं जत्रेत किंवा आठवडी बाजारात म्हाताऱ्या बाईकडून घेतलेल्या वालाला लेबल नसतं, हे खरं. तिथे उगवणशक्तीऐवजी दोन प्रश्न विचारायचे: हे बी कोणत्या महिन्यात धरलं, आणि वेल फुलतो कधी. उत्तर चटकन आलं तर बी घ्या.

वालाबद्दल तक्रार ठरलेली: जूनमध्ये लावला, मांडव भरला, शेंग एक नाही. गावठी वाल दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाही. ऑक्टोबरपर्यंत तो नुसता पसरतो. जागा कमी असेल तर ऑगस्टमध्ये लावा, पसारा निम्मा होतो आणि शेंग त्याच सुमारास येते. फुलांच्या दांड्यांवर काळा मावा चिकटतो. सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने पाडला तरी पुरतं. थांबायचं नसेल त्यांनी लांब शेंगेची चवळी लावावी, पन्नास-साठ दिवसांत भाजी.

कारलं आणि पडवळ यांच्या बियांचं कवच जाड. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात गुंडाळून दोन-तीन दिवस उबदार जागी ठेवा, मोड दिसला की पेरा. जानेवारीच्या थंडीत थेट मातीत टाकलेलं बी बऱ्याचदा कुजतं. पडवळ मांडवावरच हवं, म्हणजे फळ लोंबतं; टोकाला छोटा दगड बांधण्याची जुनी पद्धत फळ सरळ ठेवते. दगड सुपारीएवढा पुरे, मोठा बांधला तर देठ तुटतो.

दुधीचा मुख्य वेल पाच-सहा फुटांचा झाला की शेंडा खुडावा. मादी फुलं जास्त करून बाजूच्या फुटव्यांवर येतात. सुरुवातीचे पंधरा दिवस नुसती नर फुलं येऊन गळतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मादी फूल ओळखायचं ते पाकळ्यांखालच्या चिमुकल्या फळावरून. ते फळ पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही, आणि ते हाताने करायचं तर वेळ महत्त्वाची. दोडका, दुधी आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी उमलतात. कारलं, घोसाळं आणि काकडी यांची सकाळी. सकाळी नऊला दोडक्याच्या मिटलेल्या फुलावर ब्रश फिरवून काही होत नाही. ताजं नर फूल तोडून, पाकळ्या मागे वळवून, मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा.

फळमाशीसाठी कामगंध सापळे (आतल्या वडीच्या वासाने माशी ओढणारे) घेताना दुकानदार बऱ्याचदा आंब्याचाच देतो. आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल, वेलभाज्यांच्या माशीला क्यू-ल्यूर. वडीवरचं नाव वाचून घ्या. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून दोन-चार वेलींच्या गच्चीवर फळ बोटभर झालं की त्याला कागदी पिशवी चढवणं जास्त खात्रीचं.

तोंडली बियांपासून लावू नका, नर वेल निघण्याची शक्यता निम्मी असते. भरपूर फळणाऱ्या वेलाची पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी पावसाळ्याच्या तोंडी लावा. ऊन चार तासांपेक्षा कमी मिळणाऱ्या गॅलरीत यातलं काहीच नीट येणार नाही. तिथे मायाळू: काडी खोचा, पाणी घाला, भजी करा. फुलांचे वेल हवेत तर गोकर्ण घ्या, मधमाशा आणतो आणि जागा कमी मागतो. मधुमालती जाळीवर चढवू नका, दोन वर्षांत जाळी खाली येते.

वेलांसाठी विकली जाणारी पातळ नायलॉन जाळी हा सगळ्यात फसवा खर्च. तिचा धागा दुधीच्या भाराने खोडात रुततो, पाली आणि पक्षी अडकतात, आणि हंगामाअखेर वाळलेला वेल तिच्यातून निघत नाही. बांबूची ताटी किंवा गॅल्व्हनाइज्ड तार जास्त टिकते. बांबू पिशवीत खोचून भागत नाही. कठड्याला किंवा भिंतीतल्या हुकाला बांधा, नाहीतर पहिल्या वळवात पिशवीसकट आडवा.

बी धरताना

टोमॅटोचा गर बियांसकट वाटीत काढून थोडं पाणी घाला, दोन-तीन दिवस आंबू द्या, वर साय आली की धुऊन चिनी मातीच्या बशीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवलं की बी चिकटतं. ब्रँडीवाइनसारख्या बटाटापानी वाणांत स्त्रीकेसर फुलाबाहेर डोकावत असल्याने संकर होऊ शकतो. फुलाच्या घोसाला आधीच मलमलची पिशवी बांधा. वेलांत तर मधमाशा सगळं मिसळून टाकतात. शेजारच्या गच्चीवर वेगळा दुधी असेल तर एक मादी फूल उमलण्याआधी दोऱ्याने बांधून, हाताने परागण करून, परत बांधून खूण करा आणि तेच फळ बियाण्याला राखा. घरी धरलेल्या बियांच्या वेलाचा दुधी पुढच्या वर्षी कापल्यावर जिभेला कडू लागला तर शिजवूनही खाऊ नका, रसासाठी तर नाहीच. कडूपणा देणारी द्रव्यं विषारी असतात आणि शिजवून जात नाहीत.

दोडका वेलावरच पूर्ण वाळू द्या. हलवला की आत बी खुळखुळतं, तेव्हा टोकाकडचं झाकण मोडून बिया झटकून घ्या. कोकणातल्या दमट हवेत त्या काचेच्या बरणीत, चुलीच्या कोरड्या राखेत मिसळून ठेवाव्यात, आणि बरणीवर वाणाचं नाव नि महिना लिहावा.